बन्नूरच्या गाडीतला डबा

अक्का, तुझा डबा मिळाला. उशिरा मिळाला, पण मिळाला. एरवी गुरुवारचा डबा गुरुवारी दुपारी हातात पडायचा. हा पडायच्या आधी तुझं सगळं कार्य आटपलं. दहावं, बारावं, तेरावं, तुझ्या सुरेशचं डोकं भादरणं, पश्चिमवाहिनीला जाऊन अस्थी सोडणं, सगळं. आता तो डबा माझ्या ओट्यावर पालथा पडलाय, तळाला तुझ्या सासूचं कोरलेलं नाव दिसतंय, आणि मी समोर स्टुलावर बसून तुझ्याशी बोलतेय. शेजारणीने खिडकीतून बघितलं तर म्हणेल, म्हातारीचं डोकं फिरलं. म्हणू दे. कुवेंपुनगरात निम्म्या घरांत कुणी ना कुणी भिंतीशीच बोलत असतं.

मी अजून रडले नाही. लोकांना त्याची फार काळजी. तुझी शेजारीण रत्नम्मा रोज फोन करून विचारते, अळु बंतां, म्हणजे रडू आलं का. जसं काही पोट साफ झालं का विचारावं. नाही आलं गं बाई. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, तसं झालंय मला. जीभ फिरवून बघते, गाल आहे, पण माझा नाही. जेवते, झोपते, दूधवाल्याशी भांडते. काल नळाच्या वायसरवरून प्लंबरला इतकं बोलले की तो बिचारा पान्हा तिथंच विसरून गेला.

आपलं हे डब्याचं प्रकरण बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. तू लग्न होऊन बन्नूरला गेलीस, मी इथंच म्हैसुरात राहिले, नजरबादच्या ऑफिसात फायली चाळत. मधे काय, तर गाडी. तुझं घर थांब्यासमोर. तू ड्रायव्हरच्या खिडकीतून डबा आत द्यायचीस, तो इंजिनाच्या बॉनेटवर ठेवायचा, आणि इथे स्टँडवर मी उतरवून घ्यायची. बॉनेटच्या धगीने आतलं सारू, म्हणजे आपलं सार, इतकं गरम राहायचं की जीभ पोळायची. कुणाची औषधं यायची, कुणाची विसरलेली चावी, कुणाचा मल्लिगेचा गजरा, एकदा तर पाय बांधलेली कोंबडी. ड्रायव्हर बदलले की नव्याला तू पहिल्याच दिवशी केळं देऊन शिकवून ठेवायचीस. डबा आडवा ठेवायचा नाही, ब्रेक जपून मारायचा, आणि बहीण उभी असेल, तिचं तोंड रागीट आहे, पण माणूस चांगलं आहे. हे तू सगळ्यांना सांगितलंस हे मला हल्लीच्या ड्रायव्हरने, महादेवण्णाने सांगितलं. थँक्यू हं.

परत जाताना डबा कधी रिकामा गेला नाही. रिकामा डबा देऊ नये, हे आईने दोघींच्या डोक्यात खिळा ठोकल्यागत ठोकलेलं. मी बेकरीतली बटर बिस्किटं घालायची, ताजी दळलेली कॉफी, भावजींच्या शिवणाच्या दुकानाला लागणारी रिळं. काहीच नसलं तर मूठभर साखर. तूही मग फोनवर म्हणायचीस, महिनाअखेर दिसतेय.

आणि त्या डब्यातून जे बोलणं चालायचं ते तर आपण दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तुमचा फोन दुकानात. फोनशेजारी तुझी सासू स्टुलावर, कान टवकारून. मी इथून काही महत्त्वाचं विचारलं की तू नुसतं "हूं, हूं, बघू" करायचीस. मला राग यायचा. मग गुरुवारी डबा यायचा. पुरणाची पोळी आली म्हणजे हो. चिंचेच्या रसातला कारल्याचा गोज्जू आला, आणि त्यात गूळ नसला, म्हणजे नाही. गूळ घातलेला गोज्जू म्हणजे काहीच नाही, नुसतं जेवण. तुझ्या सासूला आपण शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही. तिच्या चुलीवर, तिच्या देखत, तू मला तुझं मत शिजवून पाठवायचीस.

दावणगेरेचं स्थळ आठवतं? बँकेतला, उंच, दिसायला बरा. घरी सगळे तयार, मीही जवळजवळ. तुला विचारलं. गुरुवारी झाकण उघडलं तर काळाकुट्ट गोज्जू, घास तोंडात घातला तर डोळ्यांत पाणी. मी बाबांना नको म्हणून सांगितलं आणि घरात वादळ. पुढे कितीतरी वर्षांनी तुला कारण विचारलं, तर तू म्हणालीस, "अगं, चहा घेताना त्याने स्वतःच्या आईकडे बघून विचारलं, साखर किती घालू म्हणून. असल्याबरोबर तू काय संसार करणार? तू त्याला खाऊन टाकलं असतंस." मग मी घर घ्यायला निघाले तेव्हा बोगादीची जागा. तिथेही कारलं. कारण काय, तर तिथे बस नीट जात नाही. कुवेंपुनगरला पोळी आली, म्हणून मी आज इथे बसलेय. माझं सगळं आयुष्य तुझ्या हो-नाहीवर चाललं, अक्का, आणि मी तरी जगभर सांगत फिरते की मी कुणाचं ऐकत नाही.

सासू गेली, भावजी गेले, हातात मोबाइल आले. बोलायला कुणाची आडकाठी राहिली नाही. पण तुझं तोंड काही उघडलं नाही. हवापाण्याचं, रत्नम्माच्या सुनेचं, सुरेशच्या बेंगळूरुच्या ट्रॅफिकचं तासभर बोलशील, हो की नाही विचारलं की "बघू." मग मीही गुरुवारची वाट बघायला लागायची. सवय म्हणजे सवय.

त्या शेवटच्या रविवारी मी बन्नूरला आले होते. तू दुकानाचं शटर अर्धं वर करून कुणाच्या तरी साडीला फॉल लावत बसली होतीस. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पाय सुजलेले, ते मशीनखाली लपवलेले. मला दिसले.

"चल माझ्याकडे राहायला," मी म्हटलं. "खोली रिकामी आहे. बाथरूम जवळ आहे. दवाखाना कोपऱ्यावर आहे."

"गाडी आहे की," तू म्हणालीस.

"गाडी आहे म्हणजे काय?"

"म्हणजे गाडी आहे. एक गेली की दुसरी. तुला वाटलं तू ये, मला वाटलं मी येते. आता तर बायकांना फुकट. सरकार म्हणतंय हिंडा-फिरा, आणि तू म्हणतेस एका जागी येऊन बसा."

"रात्री छातीत दुखलं तर गाडी येऊन पाणी देणार तुला?"

"आणि तू देणार? अय्यो! तू झोपलीस की चोर घरात येऊन, भात लावून, जेवून, भांडी घासून जाईल. तुला पत्ता लागायचा नाही."

मला हसू येत होतं म्हणून मी जास्तच रागावले. म्हटलं, बन्नूरला राहून राहून तू इथल्या मेंढीसारखी झालीस, एकदा मान खाली घातली की बाजूला बघायचंच नाही. तू म्हणालीस, बन्नूरच्या मेंढीला भाव असतो, म्हैसूरच्या म्हातारीला कोण विचारतंय. मग दोघी कॉफी प्यालो. मी तुझ्या बीपीचं बोलले, गुडघ्यांचं बोलले, एकटीने राहण्यातले सगळे धोके सांगितले, ओल्या न्हाणीघरात पडलेल्या कुठल्या कुठल्या बायकांची उदाहरणं दिली. तू दोरा दाताने तोडलास आणि म्हणालीस, "बघू."

बघू म्हणजे गुरुवार. ते तुलाही ठाऊक, मलाही ठाऊक.

गुरुवारी मी पिशवी घेऊन स्टँडवर निघायच्या बेतात होते आणि रत्नम्माचा फोन आला. "अम्मा, अक्का होगबिट्रु." गेल्या. नुसतं तेवढंच. कुठे गेल्या, असं मी विचारलं. खरंच विचारलं गं. मला वाटलं, तू माझ्याकडे यायला निघालीस. मग ती रडत रडत सांगायला लागली, की तू गाडीत डबा देऊन परत आलीस, मशीनवर बसलीस आणि मान टाकलीस.

स्टँडवर जायला निघालेच होते, तशीच गेले. रिक्षा करावी, गाडी बोलवावी, कुणाला हाक मारावी, काही सुचलं नाही. पाय बन्नूरच्या फलाटावर गेले आणि मी गाडीत चढले. खिडकीची जागा मिळाली. मिळाली म्हणून बरंही वाटलं. कंडक्टर आला, म्हणाला, कार्ड. बायकांना पैसे नाहीत, पण शून्याचं तिकीट घ्यावं लागतं, आणि त्यासाठी कार्ड दाखवावं लागतं. मी पर्स उचकते उचकते, कार्ड काही सापडेना. "पैसे घ्या," मी म्हटलं. "पैसे कशाला अम्मा, नीट शोधा, सापडेल," तो म्हणाला. भला माणूस. सगळी गाडी माझ्या कार्डाच्या शोधात. पलीकडची बाई म्हणाली, चष्म्याच्या घरात बघा, मी तिथेच ठेवते. तिथेच होतं. मग ती म्हणाली, "बन्नूरला कुणाकडे?" मी म्हटलं, "बहिणीकडे." ती म्हणाली, "छान."

तुझ्या त्या गाडीचं तुला किती कौतुक! हात दाखवला की थांबते, म्हातारी दिसली की थांबते, लांबून कुणी पळत येताना दिसलं तरी थांबते. त्या दिवशी तिने थांबून थांबून माझा जीव खाल्ला. शाळेची पोरं चढली, गवताचा भारा चढला, एक नवरा-बायको भांडत चढले आणि भांडत उतरले. मी आतल्या आत ड्रायव्हरला शिव्या घालत होते. मग एका उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी रांगायला लागली आणि मला वाटलं, घाई कशाची? तू आता कुठे जाणार आहेस? त्यानंतर मी स्वस्थ बसले. त्याच रस्त्याने कुठेतरी समोरून डब्याची गाडी गेली असणार. मला डब्याची आठवणसुद्धा झाली नाही.

तुला ओसरीवर ठेवलं होतं. मशीनवर साडी तशीच, सुई कापडात रुतलेली. ती कुणीच वर करेना. शेवटी मीच चाक फिरवून सुई वर केली आणि साडीची घडी घातली. दुसऱ्या दिवशी तिची मालकीण आली, ओशाळून उभी राहिली, म्हणाली, नात्यात लग्न आहे. मी अर्ध्या फॉलची साडी तिच्या हातात दिली. एवढं एक काम मी त्या दिवसांत नीट केलं असं वाटतं. बाकी कॉफी वाटत होते. लोक यायचे, सुरेशच्या खांद्यावर हात ठेवायचे, सुनेला जवळ घ्यायचे, आणि माझ्याकडून कॉफी घेऊन म्हणायचे, साखर कमी आहे का हो थोडी. बरोबर आहे. आई त्याची गेली. माझं काय गेलं, त्याला नीट नावही नाही.

सगळं आटपल्यावर सुरेश म्हणाला, मावशी, गाडीने सोडतो. त्याच्या मोटारीने. मी नको म्हटलं, बसने आले. स्टँडवर उतरले तर शेजारच्या फलाटावरून हाक. "अम्मा! ओ अम्मा!" महादेवण्णा. गाडी मागे घेत होता, खिडकीतून अर्धा बाहेर आलेला. "कुठे होतात इतके दिवस? त्या गुरुवारी मी किती वाट बघितली! मग ड्यूटी संपवून इथूनच मी गावच्या जत्रेला सुट्टीवर गेलो, आल्यावर मला हुणसूरच्या लाइनीवर टाकलं. आज परत बन्नूर मिळाली. हा घ्या, रोज बरोबर घेऊन हिंडतोय." आणि खिडकीतून डबा. तुझा डबा. जड.

"अक्कांना सांगा," तो म्हणाला, "उद्यापासून मीच आहे म्हणून."

मी म्हटलं, "सांगते."

मागून कंडक्टरची शिट्टी झाली, गाडी गेली, आणि मी डबा छातीशी धरून कितीतरी वेळ तिथेच उभी. लोक मला धक्के देऊन चढत-उतरत होते. मला एवढंच कळत होतं की यात तुझं उत्तर आहे. तू गेलीस ते ठीक, पण जायच्या आधी तू उत्तर दिलं होतंस.

घरी येऊन, पाय धुऊन, देवापुढे दिवा लावून मग झाकण उघडलं. पोळ्या. अक्का, पोळ्या! तुपाने चमकणाऱ्या, एकावर एक रचलेल्या.

मी किती मूर्ख. इतक्या दिवसांच्या पोळ्या मऊ कशा, हे डोक्यातच आलं नाही. आत डाळीच्या पुरणाऐवजी ओलं खोबरं होतं, तू जन्मात कधी खोबऱ्याची केली नव्हतीस, त्याचीही मी काहीतरी समजूत करून घेतली. म्हटलं, एवढ्या मोठ्या होला काहीतरी विशेष करावंसं वाटलं असेल तुला. बसून एक खाल्ली. मग दुसरी खाल्ली. आणि मग मला तुझा इतका राग आला, इतका राग आला! भवाने, हो म्हणायचं होतं तर रविवारीच म्हणायचं. त्याच दिवशी तुझी बोचकी बांधून तुला ओढत आणलं असतं. गुरुवारपर्यंत थांबायची काय हौस होती?

दुसऱ्या दिवशी मी मागची खोली काढली. जुने पेपर रद्दीत घातले. कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे केले, वरचे नाही, तुझा हात पोचला नसता. गादी गच्चीवर नेऊन उन्हात घातली, दुपारी पालटली, संध्याकाळी खाली आणली. पलंग खिडकीपासून हलवला, तुला वारा सोसत नाही. मशीन कुठे राहील ते पावलांनी मोजून बघितलं. हे सगळं मी शहाण्या माणसासारखं केलं. तू मेली आहेस हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी तू हो म्हणाली होतीस ना, मग खोली तयार नको?

त्या गुरुवारी डबा घेऊन स्टँडवर गेले. म्हटलं, तुझ्या घरची वस्तू तुझ्या घरी जाऊ दे, रत्नम्मा उतरवून घेईल. आत बटर बिस्किटं भरली होती. बन्नूरची गाडी लागलेली, महादेवण्णा स्टीअरिंगवर. मला बघितलं आणि तो खाली उतरून आला. ड्रायव्हर माणूस गाडी भरलेली असताना खाली उतरत नाही कधी. हात जोडून उभा राहिला.

"अम्मा, तप्पायतु," तो म्हणाला. चूक झाली. "मला खरंच ठाऊक नव्हतं. परवा थांब्यावर रत्नम्माने सांगितलं तेव्हा पायाखालची जमीनच गेली. सुतकाच्या घरात मी गोड पाठवलं. बायको घरी डोकं आपटून घेतेय."

"गोड?" मी म्हटलं.

"होळिगे, अम्मा. त्या खोबऱ्याच्या पोळ्या. आमच्याकडे पूजा होती. रिकामा डबा कसा द्यायचा, म्हणून तिने घातल्या."

गाडीतून कुणीतरी ओरडलं, निघणार आहे की नाही. महादेवण्णाने तिकडे बघितलंही नाही. मी त्याला विचारलं, "मग अक्काने काय दिलं होतं?"

तो खाली बघायला लागला. "तुम्ही आला नाहीत. अन्न खराब झालं असतं. आम्ही दोघांनी खाल्लं, मी आणि या कविताने." दारात त्याची कंडक्टर उभी होती, नवी पोरगी, गळ्यात शिट्टी. "छान होतं अम्मा. फार छान. अक्कांच्या हाताला चवच तशी."

"काय होतं पण?"

"छान होतं."

"महादेवण्णा, मी काय होतं ते विचारतेय."

मग ती पोरगीच म्हणाली, "सर, सांगून टाका ना. मॅडम, कारल्याचा गोज्जू होता. पण इतका कडू! सरांनी दोन घास खाल्ले आणि पाणी पीत सुटले. माझ्या तर जिभेवरून चव जाईना." महादेवण्णाने तिच्याकडे असं बघितलं की ती गळ्यातली शिट्टी चाळवायला लागली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "बेल्ल घालायचा राहिला होता अम्मा. गूळ विसरल्या असतील. इतक्या वर्षांत अक्कांचं असं कधी झालं नव्हतं. बरं वाटत नसणार त्यांना त्या दिवशी. डबा देताना मी चेहरा बघायला हवा होता. मला तेव्हा कळलं असतं तर मी गाडी तशीच दवाखान्याला नेली असती." आणि एवढा मोठा माणूस, मिशा पिकलेला, खाकी बाहीने डोळे पुसायला लागला.

अक्का, मला हसू आलं. स्टँडवर, भरल्या गाडीसमोर, खो-खो हसू. माणसं खिडक्यांतून माना काढून बघायला लागली. ती कविता घाबरली, तिने माझा दंड धरला. बन्नूर! गुऱ्हाळांचा गाव! गल्लीगल्लीत गुळाच्या ढेपा, आणि तू गूळ विसरणार!

मी त्याला म्हटलं, "ती विसरली नाही, महादेवण्णा. तिला काही झालेलं नव्हतं तेव्हा. ती चांगली ठणठणीत होती, आणि माझ्यावर रागावली होती. ते कारलं माझ्यासाठी होतं." त्याला किती कळलं कोण जाणे. पण त्याचा चेहरा जरा सैल झाला. मी सगळी बिस्किटं कविताच्या पिशवीत ओतली, त्याला म्हटलं, जा आता, लोक मारतील तुला. तो चढला. मी डबा घेऊन घरी आले.

तर तू येणार नव्हतीस. सुजलेले पाय, बीपी, ओलं न्हाणीघर, मी सांगितलेल्या सगळ्या पडझड झालेल्या बायका, या सगळ्याला तुझं उत्तर एकच, गूळ न घातलेलं. गाडी आहे की. आणि खरं सांगू, तुझं बरोबरही होतं. माझ्याकडे तू काय केलं असतंस? माझ्या सिरियली बघितल्या असत्यास. तिथे तुझं दुकान, तुझा थांबा, तुझे ड्रायव्हर. मशीनवर बसल्या जागी गेलीस, कुणाच्या हातचं पाणी न मागता. सगळे म्हणतात, भाग्याचं मरण. मीही तेच म्हणते, सारखं सारखं म्हणते.

पोळ्यांनी मला जेवढं छळलं तेवढं कारल्याने नाही छळलं. तू नाही म्हणालीस हे कळलं आणि मला बरं वाटलं, कारण ते अगदी तूच होतीस. त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले. पण नंतर हात धुताना एक गोष्ट लक्षात आली, आणि तेव्हापासून ती काही जात नाही.

मी तुला सगळं तुझ्याबद्दलच सांगत होते. तुझे गुडघे, तुझं बीपी, तुझी छाती. जसं काही मी तुझ्यावर उपकारच करायला निघाले होते. नाही म्हणणारच ना तू! मीही म्हटलं असतं. खरं काय ते मी बोललेच नाही, आणि खरं एवढंच होतं की रिटायर झाल्यापासून या घरात मला माणसाचा आवाज हवासा झालाय. शुक्रवारपासून मी गुरुवारची वाट बघते. तुला हे कळलं नसेलच असं नाही, तुला सगळंच कळायचं. पण माझ्या तोंडून तू ऐकलं नव्हतंस.

तू असतीस तर मी रागाने डबा परत पाठवला असता, तू फोन केला असतास, रत्नम्माच्या सुनेबद्दल बोलली असतीस. आणि रविवारी मी पुन्हा बन्नूरला आले असते. पुन्हा विचारणार होते, अक्का. या वेळी तुझ्या पायांबद्दल एक शब्द काढणार नव्हते. माझ्याच्याने एकटीने राहवत नाही गं, तू ये, एवढंच म्हणणार होते.